थर्टीन्थ फ्लोअर एलेव्हेटर्सचा पहिला अल्बम: मोनो की स्टिरिओ? आणि जगचा आवाज कसा काढायचा?

गारगोटी
या रॉक बँडचा 1966 चा 'द सायकेडेलिक साउंड्स ऑफ...' हेडफोनवर स्टिरिओत (डावा-उजवा आवाज वेगळा) ऐकतोय. गाणी भन्नाट, पण आवाज विस्कटल्यासारखा वाटतो. मोनोत (दोन्ही कानांना एकच आवाज) फरक पडेल का? पहिलं गाणं बाकीच्यांपेक्षा वेगळं का लागतं? आणि मागे अखंड टुकूटुकू चालतं ते जग (पाण्याचा, दुनिया नव्हे) फुंकून काढलंय का? तसं करायला जगपाशी माइक नेला की फीडबॅक येतो (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून घुमतो).

मोनोपंथी
मोनोच. गिटार, जग आणि रॉकी एरिक्सनचा गळा एकमेकांवर आदळतात, तीच या अल्बमची मजा. ते डावी-उजवीकडे वाटून दिले की धक्काच जातो. 2009 च्या 10 सीडींच्या संचात मोनो आणि स्टिरिओ दोन्ही आहेत, एकापाठोपाठ एक लावून बघा.

पहिलं गाणं 'यू आर गॉना मिस मी'. ते 1966 च्या सुरुवातीला सिंगल म्हणून ह्यूस्टनला ध्वनिमुद्रित झालं, बास बेनी थर्मनचा. बाकीची गाणी नंतर डॅलसला झाली, तोवर बासवर रॉनी लेदरमन आला होता. कान बरोबर आहेत तुमचे.

गारगोटी
स्टिरिओ फाइलच मोनो केली तर?

मोनोपंथी
ऐकायला चालेल, पण तो खरा मोनो मिक्स नव्हे. डावा-उजवा चॅनल मिळवून सरासरी काढली की पार कडेचं वाद्य 6 डेसिबलने उतरतं, मधोमध असलेला आवाज मात्र तसाच राहतो. म्हणजे तोल कोणीतरी विचार करून ठरवलेला नाही, आपसूक पडलेला. तबकडी मोनो असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यात संगीत फक्त खोबणीच्या आडव्या हालचालीत असतं. अँपचं मोनो बटण दाबलं की उभ्या हालचालीतून येणारी खरखर बरीचशी कटते, संगीताला धक्का लागत नाही.

स्प्रिंगवाला
जगबद्दल. जुन्या जग-बँडमध्ये ओठ फुरफुरवून ट्युबासारखा बास काढतात. या बँडचा जगवाला टॉमी हॉल तसं करत नसे. तो तोंडानेच भराभर आवाज काढी, ते जगमध्ये घुमत आणि जगच्या तोंडापाशी धरलेला माइक ते उचलत असे. म्हणून फुंकण्याचा सराव सोडा, तालात बोल म्हणायचा सराव करा. तबल्याचे बोल येत असतील तर अर्धं काम झालंच.

फीडबॅक येतो कारण जग स्वतःच्या एका स्वरावर घुमतो. 4 लिटरचा जग, तोंड 3 सेंमी, मान 5 सेंमी असेल तर तो स्वर 90 हर्ट्झच्या आसपास पडतो. कडेवरून आडवी फुंकर मारा, जो स्वर येईल तोच मोबाइलच्या ट्यूनरवर बघा. मग मिक्सरवर 150 हर्ट्झखालचं सगळं कापा, तोंडाचे बोल त्याच्या बऱ्याच वर असतात. तरी गुरगुरला तर मोजलेल्या स्वरावर अरुंद कट द्या. बास घुमण्याऐवजी चिरकी शिट्टी येत असेल तर दोष तुमच्या मुठीचा: माइकची जाळी मुठीत झाकली की त्याची दिशा-निवड बिघडते आणि तो मॉनिटरचाही (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचाही) आवाज ओढतो. दांडा धरा, जाळी जगच्या तोंडापासून 2-3 सेंमी ठेवा. मॉनिटर माइकच्या पाठीमागे.

मोनोपंथी
एक भर. गिटारही तशीच हवी असेल तर फझ (स्वर फाटका, खरबरीत करणारं यंत्र) आधी, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून आवाज घुमवणारं) नंतर. उलटं लावलंत तर फझ रिव्हर्बची शेपटी उचलून मूळ स्वराइतकीच मोठी करतो आणि नुसता चिखल होतो.