मदत हवी आहे: फुकटच्या एक्स्टेंशनमुळे ग्राहकांची माहिती बाहेर गेली असेल का?

केळीबाग_रावेर

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन. सातबारा, दाखले, केळीच्या फळपीक विम्याचे फॉर्म, सगळं क्रोमवरच चालतं.

दोनेक वर्षांपूर्वी एक फुकटचं एक्स्टेंशन (क्रोमला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकलं होतं. उघडलेल्या पानाचा फोटो काढून लगेच पीडीएफ करून द्यायचं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, वर ‘ओपन सोर्स’ लिहिलेलं. कोड चव्हाट्यावर आहे म्हटल्यावर चोरी कोण कशाला करेल, असा माझा हिशोब. गेल्या आठवड्यापासून मात्र गुगलवर काही शोधून क्लिक केलं की मध्येच क्षणभर भलताच पत्ता चमकतो आणि मग खरं पान उघडतं. अँटीव्हायरसला विचारलं तर म्हणे सगळं ठीक. भुसावळहून भाचा आला होता, त्याने एकेक एक्स्टेंशन बंद करून पाहिलं. हे बंद केलं की चमकणं थांबतं.

आता झोप उडाली आहे. लोकांचे आधार, पासबुक, ओटीपी सगळं याच मशीनवर टाईप होतं. यातलं काय काय गेलं असेल? आणि कोड उघडा असताना असं होतंच कसं?

धुळ्याचा_भो

काय व्हयनं भो! आधी ते काढून टाक, चर्चा मागून करू.

तापीकाठ

थांबा, काढायच्या आधी दोन मिनिटं द्या. एक्स्टेंशनच्या पानावर उजवीकडे वर ‘डेव्हलपर मोड’ सुरू करा. त्या एक्स्टेंशनच्या चौकटीत ‘सर्व्हिस वर्कर’ अशी लिंक दिसेल. ती उघडून नेटवर्कचा टॅब बघा आणि दुसरीकडे एखादी साधी बातमी उघडा. ग्राहकाचं काम नको. तुम्ही पान उघडताच तिथे कुठल्या अनोळखी सर्व्हरला काही जाताना दिसलं, तर समजा. तिथे काही दिसलं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, ते दुसऱ्या वाटेनेही पाठवू शकतं.

कोड उघडा असण्याचं म्हणाल तर त्यात एक गोम आहे. लोक वाचतात तो कोड वेगळ्या ठिकाणी असतो आणि तुमच्या क्रोममध्ये येते ती क्रोमच्या स्टोअरवर चढवलेली प्रत. दोन्ही एकच आहेत हे सहसा कोणी ताडून बघत नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे न वापरलेले टॅब झोपवणारं एक्स्टेंशन आठवतं का? चांगलं, ओपन सोर्स, लाखो लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ लेखकाने ते विकलं. नव्या मालकाने स्टोअरवर जी आवृत्ती टाकली तिच्यातले बदल उघड्या कोडमध्ये नव्हतेच. फेब्रुवारी 2021 मध्ये गुगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून काढून टाकलं. त्याच्या आधी ‘स्टायलिश’ या संकेतस्थळांचं रूप बदलणाऱ्या एक्स्टेंशनचंही तसंच: मालक बदलला, आणि लोक कुठली पानं बघतात ते गोळा होऊ लागलं. 2018 मध्ये ते उघड झालं.

तुम्ही टाकलं तेव्हा ते चांगलंच असेल. शेत तेच, सातबाऱ्यावरचं नाव बदललं. आणि ‘सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी तुम्ही पहिल्याच दिवशी दिली असेल, तर नव्या मालकाला पुन्हा विचारायची गरजच नाही. अपडेट गुपचूप येतं.

केळीबाग_रावेर

तापीकाठ, पाहिलं. मी उघडलेल्या प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता कुठल्यातरी सर्व्हरला जातोय. टाईप केलेलं जाताना दिसलं नाही, फक्त पत्ते. मग थोडं हायसं वाटून घ्यायला हरकत नाही ना?

चाळीसगाव_लिनक्स

हरकत आहे दादा. पत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे बऱ्याचदा अर्ज क्रमांक, मोबाईल नंबर असतो. आणि खरी भीती वेगळीच. तुम्ही ग्राहकांना स्कॅन केलेले कागद गुगल ड्राइव्हच्या लिंकने पाठवता का? ‘ज्याच्याकडे लिंक आहे तो बघू शकतो’ असं ठेवलेलं असेल, तर तिथे लिंक हीच किल्ली. 2019 मध्ये ‘डेटास्पाय’ नावाने जे प्रकरण बाहेर आलं ते नेमकं हेच होतं. एक्स्टेंशनांनी गोळा केलेल्या पत्त्यांमधून लोकांचे कर परतावे आणि रुग्णांची माहितीसुद्धा उघडता येत होती. पासवर्ड कोणी फोडलाच नव्हता.

तेव्हा एक्स्टेंशन काढा, मग जुन्या लिंकांचं शेअरिंग बंद करा, आणि त्यानंतरच पासवर्ड बदला. उलट क्रमाने केलंत तर नवा पासवर्डही त्याच्या डोळ्यांदेखत टाकाल. सगळीकडून लॉगआउट करायला विसरू नका. अंगठ्याची तेवढी काळजी नको, तो डेटा सांकेतिक होऊनच ब्राउझरपर्यंत येतो.

पुढे कामासाठी क्रोमचं वेगळं प्रोफाइल करा, त्यात एकही एक्स्टेंशन नको. पीडीएफ तर प्रिंटच्या खिडकीतूनही सेव्ह होते. त्यासाठी एक्स्टेंशन कशाला लागतं हे मला आजवर कळलेलं नाही. (आमच्याकडे घरोघरी तेच.)

धुळ्याचा_भो

मी पहिल्यांदाच सांगितलं होतं काढ म्हणून.

केळीबाग_रावेर

भो, काढलं. पण आधी तपासलं म्हणून लिंकांचं कळलं, नाहीतर ते तसंच राहिलं असतं. काल दुकान बंद केल्यावर बसलो, चारशेच्या वर लिंका निघाल्या. रात्री दीडला संपलं. पासवर्ड सकाळी बदलले.

आज ज्यांचे आधार त्या लिंकांवर होते त्यांना फोन करतोय. बँकेचं नाव घेऊन कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका आणि पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, एवढं सांगतो. काही चिडले, एकाने यापुढे येणार नाही म्हटलं. ऐनपूरच्या आबांना सांगितलं की तुमचा उतारा कोणीतरी पाहिला असेल, तर ते म्हणाले, "बघू दे की, बोजाच दिसेल त्यावर. जमलं तर फेडायला सांग."

अजून साठ-सत्तर फोन बाकी आहेत.