‘शेवटी रामरक्षाच म्हणाल’ : एका पोस्टला उत्तर

कोरडाठाक
चौथ्या मजल्यावरचे काका गेले, त्याच रात्री आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर एक पोस्ट फिरत आली. मथितार्थ असा : नास्तिकपणा ही धडधाकट माणसाची चैन आहे, आयसीयूत नळ्या लागल्या की भलेभले रामरक्षा पुटपुटतात, आणि ज्याला पुढचा जन्म नाही त्याला मरणाची भीती दुप्पट. खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर उद्या पार्किंगवरून वैर झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

भीती वाटते. रात्री तीनला जाग येते आणि ‘एक दिवस आपण नसू’ हे आठवून पोटात खड्डा पडतो. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस सांगून गेला की मी आहे तोवर मरण नाही, मरण आलं की मी नाही. रोमन कवी ल्युक्रेशियसने भर घातली : जन्मायच्या आधी आपण युगानुयुगं नव्हतोच, त्याचा कधी त्रास झाला का? डोक्याला पटतं, पोटाला पटत नाही. पण पोटाला नेमकं काय छळतं ते नीट बघितलं, तर ‘नसणं’ त्यात थोडं आणि ‘मरणं’ जास्त. श्वास न पुरणं, कुणीतरी हातपाय बांधून व्हेंटिलेटरवर ठेवणं, पोरीने त्यासाठी दागिने मोडणं. यावर करण्यासारखं बरंच आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ साली लिव्हिंग विल, म्हणजे बरं होणं नसेल तर जगवणारे उपाय नकोत असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं आणि २०२३ मध्ये ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मी केलं. तीनची जाग काही गेली नाही, पण हल्ली त्या वेळी पाण्याचं मीटर आणि पोरीचं लग्न आठवतं.

रामरक्षेने कुणाची भीती जात असेल तर खुशाल म्हणा. माझ्या तोंडी कशाला घालता?

आषाढीवाला
घाबरता हे पहिल्याच फटक्यात कबूल केलंत, मग वाद कसला? माझी आजी परळच्या चाळीत गेली. घरची सगळी भोवती, शेजारच्या बायका हरिपाठ म्हणत होत्या, तोंडात तुळशीपत्र. ‘पाणी नको, बास’ म्हणाली आणि गेली. एपिक्युरस तिने ऐकलेला नव्हता. तुमचं नोटरीचं प्रकरण वाचून हसू आलं. साक्षीदार, शिक्का, सही! कर्मकांडच की हो, फक्त भटजीच्या जागी वकील.

दीड शहाणा
दोघांनीही जरा थांबा. श्रद्धा आणि मरणभय यांवरच्या शंभरेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये आला होता. ठाम संबंध सापडला नाही. काही अभ्यासांत तर कट्टर श्रद्धावान आणि पक्के नास्तिक दोघेही कमी घाबरणारे निघाले, जास्त टरकणारे मधले. दुसरा अभ्यास २००९चा, अमेरिकेतला, कर्करोग शेवटच्या टप्प्यात असलेले ३४५ रुग्ण. देवाचा आधार जास्त घेणाऱ्यांमध्ये शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे उपाय करून घेण्याचं प्रमाण जास्त होतं. मोक्षाची खात्री असलेली माणसं इथून निघायला का कू करतात, हे जमल्यास सांगा.

आषाढीवाला
अमेरिकेतले ३४५ जण! माझी आजी एक होती आणि ती मी पाहिली आहे.

मावळतीकर
११ जुलै २००६ ला, लोकलमधल्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी, मी चर्चगेटहून बोरिवली गाडीत होते. स्फोट आमच्या गाडीत झाला नाही, पण आम्ही रुळांवरून चालत गेलो आणि माहीमला जे दिसलं ते दिसलं. माझा देवावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. त्या क्षणी काही आठवलं नाही, ना देव ना तत्त्वज्ञान. एका बाईची चप्पल तुटली होती, ती सेफ्टी पिनने जोडून देत होते. भीती नंतर आली, महिनाभराने, रोजच्या गाडीत, कुणाचीही बेवारस बॅग दिसली की. ती गेली औषधाने आणि समुपदेशनाने. त्यामुळे ‘शेवटच्या क्षणी अमुक म्हणाल’ असं छातीठोक सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तुम्ही शेवटच्या क्षणाला कधी भेटलात?

सुई-दोरा
मी भेटते, नोकरीच ती आहे. भूलतज्ज्ञ, सरकारी रुग्णालय, कोणतं ते सांगणार नाही. मरणारी माणसं शुद्धीत असली तर पाणी मागतात, कूस बदलून द्या म्हणतात, घरी कधी सोडणार विचारतात. मोठमोठ्याने जप बहुधा नातेवाईकच करतात. श्रद्धावान शांतपणे गेलेले पाहिलेत आणि किंचाळत गेलेलेही. नास्तिकांचंही तेच. फरक पडतो तो दुखणं आटोक्यात असलं तर. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचं एवढं कुंपण घातलं की दुकानं ते ठेवायलाच घाबरायची. २०१४च्या दुरुस्तीने जरा सैल झालं. तरी अजून नातेवाईक म्हणतात, ‘मॉर्फिन नको, सवय लागेल.’ चार दिवसांच्या सोबत्याला सवय!

आषाढीवाला
डॉक्टरबाई, मॉर्फिनचं मान्य. पण वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळतंय, देशातलं असं पहिलं घर. सेवा कोण करतं? सिस्टर्स. नास्तिकांनी काढलेलं असं एक घर मुंबईत दाखवा, मी स्वतः देणगी आणून देतो.

कोरडाठाक
सिस्टर्सना नमस्कार, मनापासून. पण मुद्दा भीतीचा होता, सेवेची पावती कुणाच्या नावावर फाडायची हा नव्हता. आणि कर्मकांडाबद्दल म्हणाल तर मी तेराव्याचा खर्चही वाचवलाय. देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय.

लालबागी
फॉर्म भरलात? शुभेच्छा. माझ्या वडिलांनीही भरला होता.

वडील गिरणी कामगार, ८२च्या संपातले, लाल बावट्याचे. देव, भटजी, पितर, सगळ्यांना शिव्या. ‘माझं काही करायचं नाही, पोरांना शिकायला द्या’ हे घरात सगळ्यांना पाठ. गेले ऐन दिवाळीत, रात्री. मेडिकल कॉलेजला फोन लावतोय तर उचलत कोणी नाही. पहाटे एकाने उचलला, म्हणाला मृत्यूचा दाखला आणा, वारसांच्या सह्या आणा, उशीर झाला तर घेणार नाही. तेव्हा कळलं की फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांची संमती नसेल तर देह कुणी नेत नाही. काका सही करेनात. ‘माझ्या भावाला चिरायला देणार नाही.’ शेवटी भोईवाडा.

आणि मग आई. तिने जेवण सोडलं. दहावं करा म्हणाली. केलं, बाणगंगेला. भातावर दही, बाजूला बटाटावडा, कारण वडिलांना आवडायचा. कावळा येईना. भोवती आणखी तीन घरांचे पिंड. गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा काढायला लागले. तेवढ्यात काका पुढे होऊन म्हणाले, ‘दादा, युनियनची खोली विकणार नाही, शब्द देतो.’ कावळा आला आणि वडा घेऊन गेला. आई घरी येऊन पहिल्यांदा पेज प्यायली.

आषाढीवाला
बघा! अजून काय पुरावा पाहिजे?

दीड शहाणा
पुरावा इतकाच की बाणगंगेच्या कावळ्याला भातापेक्षा वडा आवडतो.

कोरडाठाक
लालबागी, माफ करा पण बोलतो. तुमच्या वडिलांनी आयुष्यभर जे नाकारलं, ते तुम्ही ते गेल्यावर दहाव्या दिवशी त्यांच्या नावाने केलंत. जिवंत असते तर तुम्हाला घराबाहेर काढलं असतं. सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण पत्करलं, मागे विधी नकोत म्हणून सांगून ठेवलं, चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत गेले. राजकारण बाजूला ठेवा, पण असं सांगून गेलेल्या माणसाचं निदान ऐकावं.

आषाढीवाला
राजकारण बाजूला ठेवा म्हणत आणलंतच.

लालबागी
कोरडाठाक, तुम्ही नव्हता त्या घरात. माझी आई चार दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी तिला एपिक्युरस वाचून दाखवायला हवा होता का? वडील मेले ते त्यांच्यापुरते मेले, उरलो आम्ही. तुमचाच हिशेब आहे ना, की मेल्यावर मी नाही? मग मेलेल्याचा अपमान कसा होतो ते समजावा. नसलेल्या माणसाचा?

दीड शहाणा
हा घाव बसला.

कोरडाठाक
बसला वगैरे काही नाही. इच्छापत्रातला फ्लॅट मेलेल्याच्या शब्दावर वाटता, तेव्हा ‘तो आता नाही’ म्हणता का? पैशाला शब्द चालतो, देहाला नाही?

लालबागी
अरुणा शानबागचं आठवा. केईएम रुग्णालयातली परिचारिका, हल्ल्यानंतर १९७३ पासून तिथेच, शुद्ध हरपलेली. २०११ मध्ये कोर्टाने निष्क्रिय दयामरण, म्हणजे जगवणारे उपाय थांबवणं, तत्त्वतः मान्य केलं, पण अरुणाच्या बाबतीत नाही, कारण तिला सांभाळणाऱ्या परिचारिका नको म्हणत होत्या. २०१५ पर्यंत जगली. मरण एकट्याच्या मालकीचं नसतं, हे कोर्टालाही कळलं.

कोरडाठाक
अरुणाला विचारण्याची सोयच उरली नव्हती. तुमच्या वडिलांनी लिहून दिलं होतं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

मावळतीकर
तुम्ही एका मुलाला त्याच्या बापाच्या दहाव्यावरून सुनावताय, कळतंय का? तत्त्व तुमचं असेल, पेज त्याच्या आईने प्यायली.

कोरडाठाक
आईसाठी केलं म्हणा, मला अडचण नाही. ‘कावळा शिवला’ म्हणू नका.

लालबागी
मी शिवला म्हटलंच नाही. वडा नेला म्हटलं. परत वाचा.

सुई-दोरा
कावळा पुरे. ज्यांना खरंच काही द्यायचंय त्यांच्यासाठी : देहदान हुकलं तरी डोळे देता येतात, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, नेत्रपेढीला फोन करा. देहदानाला शवविच्छेदन झालेला देह चालत नाही, एचआयव्ही किंवा कावीळ ब असेल तरी घेत नाहीत. आणि फॉर्म कपाटात ठेवू नका. सही न करणारा काका प्रत्येक घरात असतो, त्याच्याशी तुम्ही जिवंत असताना भांडून घ्या.

आषाढीवाला
बाकी तुमचं सगळं जग कोरडं आहे हे माझं मत कायम. पण आजीच्या वेळी घर होतं, बायका होत्या. माझ्या वेळी विसाव्या मजल्यावर कोण हरिपाठ म्हणणार, पोरं टोरांटोत. त्या लिव्हिंग विलमध्ये ‘व्हेंटिलेटर नको आणि हरिपाठ लावा’ असं लिहिता येतं का?

कोरडाठाक
पहिलं लिहा, त्याची दखल घ्यावी लागते. दुसरं लिहिलंत तर डॉक्टरांवर बंधन नाही, पण कुणी फोनवर लावून देईल. माझ्यात ‘काहीही लावू नका’ असं लिहिलंय.

लालबागी
तुमची पोरगी लावेल.