'लघुवाद' म्हणावं का? आणि 'कॉम्पिटंट'ला काय?

फ्रीमाँटची_मीनल: मुलांकडे कॅलिफोर्नियात राहायला आलेल्या ज्येष्ठांसाठी इथल्या स्मॉल क्लेम्स कोर्टाची, म्हणजे कमी रकमेच्या मागण्या ऐकणाऱ्या कोर्टाची, माहिती मराठीत लिहितेय. 'लघुवाद न्यायालय' लिहिलं तर मैत्रीण म्हणते साफ चूक. शिवाय इथल्या एव्हिडन्स कोडचं (पुराव्याच्या कायद्याचं) कलम ७०३.५: ज्याने सुनावणी चालवली तो न्यायाधीश, काही अपवाद सोडले तर, नंतरच्या दिवाणी दाव्यात त्या सुनावणीबद्दल साक्ष द्यायला 'कॉम्पिटंट' नाही. 'सक्षम नाही' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, न्यायाधीशांची तब्येत बरी नाही.

गिरगावकर: मैत्रीण बरोबर आहे. लघुवाद म्हणजे आमचं धोबीतलावचं स्मॉल कॉजेस, १८८२च्या कायद्यातलं. नाव काढलं की घरमालक-भाडेकरू आठवतात. लहानपणी वडिलांबरोबर गेलोय: दोऱ्याने बांधलेल्या भाडेपावत्या आणि शेजारी वकील. तुमच्याकडे वकिलाला सहसा उभं राहता येत नाही, माणसाला १२,५०० डॉलरपर्यंतच मागता येतात. जुना शब्द वापरलात तर लोक आधी वकील शोधतील. 'छोटे दावे' लिहा.

शब्दवेल्हाळ: वादी, प्रतिवादी, वाद अशी सरळ मालिका असताना अरबी 'दावा' कशाला?

पन्हाळ्याचा: कारण आमच्याकडे वाद घालतात बांधावर आणि दावा लावतात कोर्टात. चारशे वर्षं वापरलेला शब्द परका कसा?

कोर्टातली_वही: मीनलताई, दुसऱ्या प्रश्नात जपून. आपल्याकडे साक्ष्य अधिनियम २०२३चं कलम १२७ (जुन्या कायद्यात १२१) म्हणतं, वरच्या न्यायालयाच्या खास आदेशाशिवाय न्यायाधीशाला त्याच्या कोर्टातल्या वागणुकीबद्दल उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही. स्वतःहून सांगितलं तर आडकाठी नाही. त्याच्यासमोर आरोपीने पोलिसावर प्राणघातक हल्ला केला, तर काय पाहिलं हे विचारताही येतं. कॅलिफोर्नियाचं कलम वेगळं: न्यायाधीशाची इच्छा असली तरी साक्ष घेत नाहीत. म्हणून 'भाग पाडता येणार नाही' नको. 'साक्ष चालणार नाही' लिहा, वकील तसंच बोलतात.

गिरगावकर: साक्ष की जबानी?

कोर्टातली_वही: पोलीस घेतात तो जबाब. कोर्टात शपथेवर होते ती साक्ष.

शब्दवेल्हाळ: 'साक्षी'त 'अक्ष' म्हणजे डोळा आहे. पाणिनीनेही साक्षात पाहणारा तो साक्षी असं सूत्र दिलंय. 'जबानी'त फारसी जीभ आहे, पाहिल्याचा पत्ता नाही.

पन्हाळ्याचा: कानाने ऐकलेल्याचीही साक्ष होतेच की! आमच्या आजीने वाटणीच्या दाव्यात, भिंतीपलीकडून ऐकलेलं बोलणं सांगितलं होतं. ती 'जबानी दिली' असंच म्हणायची.

शब्दवेल्हाळ: आजींचा मान राखून सांगतो, ती बोलीतली सवय. छापताना साक्षच हवी.

फ्रीमाँटची_मीनल: 'साक्ष चालणार नाही' घेतलं. पण मथळा आज छापायला द्यायचाय. 'छोटे दावे' ठेवू ना?

शब्दवेल्हाळ: दावा नको. 'लघुवाद' ठेवा आणि खाली एक ओळ खुलासा द्या.

पन्हाळ्याचा: खुलासा हाही अरबीच.