मदत हवी आहे: घरासमोरच्या एलईडी स्क्रीनची तक्रार कशी करायची?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात नवी पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन महिन्यांपासून समोरच्या इमारतीवर भलीमोठी एलईडी स्क्रीन लागलीय. रात्री साडेअकरापर्यंत आमच्या भिंती कधी लाल, कधी निळ्या. आईला झोप नाही. खिडकीला दुहेरी चादर लावली (सोलापुरात चादरीला काय तोटा!), पण आता वारा येत नाही, आणि आपला उन्हाळा माहितीच आहे.

स्क्रीनचे मालक म्हणतात, "शहर स्मार्ट होतंय, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरसारखं." अहो, तिथे झगमगते फलक लावायची सक्तीच आहे, 1987 पासून. इथे खाली दुकान, वर घर. उन्हात दिसायला 5000 निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) तरी लागतात, रात्री तेवढ्याची गरज काय? अंधार पडला की प्रकाश आपोआप कमी करणारा सेन्सर मिळतो की.

महानगरपालिका अधिनियमातलं कलम 244 आणि 245 आकाशचिन्हं (इमारतीवर उंच, आकाशात दिसणारे फलक) आणि जाहिरातींबद्दल आहे, एवढं वाचलंय. अर्ज वॉर्डात द्यायचा की थेट परवाना विभागात? परवानगीची प्रत माहिती अधिकारात कुणी मागवली आहे का? मोबाइलच्या ॲपने मोजलेला उजेड पुरावा म्हणून चालतो का? भांडण नकोय, रोजचे शेजारी आहेत. रात्री दहाला बंद झाली तरी पुरे.