जुनं अकाउंटिंग सॉफ्टवेअर २२ पीसी आणि सर्व्हरवरून काढायचंय, क्रम काय ठेवावा?

कोठीघर (प्रश्न)

अकाउंट्स आणि स्टॉकचं काम नव्या सॉफ्टवेअरवर गेलंय, जुनं काढायचंय. २२ पीसी, विंडोज १० आणि ११ मिळून. विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१६ (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) आणि या सॉफ्टवेअरची लायसन्स सर्व्हिस.

चाचणीला दोन पीसी घेतले. एकावरून कंट्रोल पॅनेलमधून निघालं, पण दुसऱ्या दिवशी परत हजर. दुसऱ्यावर १६१२ एरर, इन्स्टॉलेशन सोर्स मिळत नाही म्हणतं. जुन्या सात वर्षांच्या नोंदी ऑडिटला लागतील. आधी सर्व्हर की आधी पीसी? आणि पॉवरशेलने (विंडोजची कमांड-स्क्रिप्ट सोय) सगळीकडून एकदम काढता येईल का?

सर्व्हिसवाला

आधी पीसी, शेवटी सर्व्हर. लायसन्स सर्व्हिस चालू असतानाच प्रत्येक पीसीवरून लायसन्स परत करून घ्या. सर्व्हर आधी गेला तर काही अनइन्स्टॉलर लायसन्सची वाट बघत अडकून बसतात.

पण मुळात इतक्यात काढूच नका, नुसतं थांबवा. सर्व्हरवरच्या त्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस थांबवून स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा, डेटाबेस ऑफलाइन घ्या आणि किमान एक महिनाअखेर जाऊ द्या. तिमाही रिपोर्ट निघत असतील तर तिमाहीअखेर. कुणाची तरी एक्सेल शीट ओडीबीसीने (डेटाबेसला जोडून घ्यायची विंडोजची सोय) थेट त्या डेटाबेसला जोडलेली असते आणि ती महिन्यातून एकदाच उघडते. डिसेबल केलेली सर्व्हिस दोन मिनिटांत परत चालू होते, काढलेलं सॉफ्टवेअर नाही.

थांबवण्याआधी आठवडाभर कोण कोण जोडलं जातंय ते पकडा. एसक्यूएलच्या डीएम_एक्झेक_सेशन्स या व्ह्यूमधून होस्ट, प्रोग्राम आणि लॉगिनची नावं दर १५ मिनिटांनी एका टेबलात टाकणारा जॉब लावा. त्या यादीत अनोळखी मशीन दिसलं नाही तर नवलच.

सॉफ्टवेअर परत येतंय त्या पीसीबद्दल: कुठून तरी ते ढकललं जातंय. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या पीसींना एकाच ठिकाणाहून सेटिंग देणारी विंडोजची सोय) सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशनखाली पॅकेज असाइन केलंय का, स्टार्टअप स्क्रिप्ट आहे का, ते बघा. इन्ट्यून (मायक्रोसॉफ्टची दुरून ॲप बसवणारी सेवा) वापरत असाल तर रिक्वायर्ड ठेवलेलं ॲप कुणी काढलं तरी साधारण २४ तासांत पुन्हा बसतं. आधी तिथून काढा, मग पीसीवरून.

लॉगवाचक

पॉवरशेलने करा, पण बसलेल्या प्रोग्रामची यादी देणाऱ्या विन३२_प्रॉडक्ट या क्लासला हात लावू नका. नेटवरच्या निम्म्या स्क्रिप्टमध्ये तोच असतो. त्याला नुसती यादी विचारली तरी विंडोज प्रत्येक एमएसआय पॅकेजची (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) तपासणी करतं आणि काही बिघडलेलं वाटलं तर थेट रिपेअर सुरू करतं. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १०३५ नंबरच्या नोंदींची रांग लागलेली दिसेल. चालत्या सर्व्हरवर हे नको.

यादी रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंगचा साठा) घ्या: एचकेएलएममधली (पूर्ण मशीनचा भाग) अनइन्स्टॉल की, आणि ३२-बिटसाठी वाऊ६४३२नोडखालची तशीच की. काही सॉफ्टवेअर फक्त त्या युजरपुरतं बसलेलं असतं, त्याची नोंद त्याच्या एचकेसीयूमध्ये (रजिस्ट्रीतला त्या युजरचा भाग) असते. सिस्टम अकाउंटने चालवलेल्या स्क्रिप्टला ती दिसत नाही, आणि स्क्रिप्ट मात्र ‘काम झालं’ सांगते.

प्रॉडक्ट कोड मिळाला की एमएसआयएक्झेकला (एमएसआय बसवणारी-काढणारी कमांड) काढण्याचा एक्स स्विच, सोबत क्यूएन (खिडकी न दाखवता), नोरिस्टार्ट (आपोआप रीस्टार्ट नको) आणि व्हर्बोज (सविस्तर) लॉग. त्या कमांडने दिलेला निकालाचा कोड प्रत्येक पीसीचा लिहून ठेवा. ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट बाकी आहे. तो फेल धरू नका. १६०५ म्हणजे हे प्रॉडक्ट इथे नाहीच. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबून परत चालवा. १६०३ सर्वसाधारण अपयश आहे, त्यासाठी लॉगमध्ये ‘रिटर्न व्हॅल्यू ३’ शोधा. खरं कारण सहसा त्याच्या थोडं वर असतं.

तुमचा १६१२: बहुतेक कुणीतरी जागा मोकळी करायला विंडोज फोल्डरमधलं लपवलेलं इन्स्टॉलर फोल्डर साफ केलंय. अनइन्स्टॉलला लागणारी एमएसआयची प्रत तिथेच असते. बसलेल्या आवृत्तीचीच मूळ एमएसआय शोधा, फाइलचं नाव न बदलता, आणि एमएसआयएक्झेकच्या एफव्ही स्विचने ती पुन्हा कॅश करा. मग नेहमीसारखं काढा. मूळ फाइल मिळतच नसेल तर मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर. रजिस्ट्री क्लीनर कधीच नाही.

बॅकअपआजोबा

नोंदींचं कुणीच बोललं नाही. डेटाबेस ऑफलाइन घेण्याआधी चेकसमसह (बिघाड पकडणारी तपासणी) पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा. व्हेरिफायओन्लीवर (रिस्टोअर न करता बॅकअप फाइल तपासणारी कमांड) भागवू नका, डेटा आतून ठीक आहे की नाही ते त्यातून कळत नाही. रिस्टोअर झाल्यावर चेकडीबी (डेटाबेस आतून तपासणारी कमांड) चालवा आणि एका जुन्या वर्षाचा ताळेबंद मूळ रिपोर्टशी जुळवा.

डेटाबेसला टीडीई (डेटाबेसच्या फाइलींचं एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की वेगळी काढून ठेवा. त्याशिवाय तो बॅकअप कुठेच उघडणार नाही. लॉगिन मास्टर डेटाबेसमध्ये असतात, तुमच्या डेटाबेससोबत येत नाहीत. त्यांची स्क्रिप्ट वेगळी घ्या. बिलांच्या स्कॅन प्रती बऱ्याचदा डेटाबेसबाहेर एखाद्या शेअर फोल्डरमध्ये असतात, त्याही घ्या.

पुढे बघण्यापुरता डेटा एसक्यूएल एक्सप्रेसवर (एसक्यूएल सर्व्हरची फुकट आवृत्ती) ठेवता येईल. २०१६ ते २०२२ च्या एक्सप्रेसला एका डेटाबेससाठी १० जीबीची मर्यादा आहे, लॉग फाइल त्यात धरत नाहीत. शिवाय खातेवही आणि ट्रायल बॅलन्स वर्षवार पीडीएफ आणि सीएसव्हीत काढून ठेवा, जुनं सॉफ्टवेअर चालू असतानाच.

कोठीघर

इन्ट्यूनच निघालं, काढलं. पण त्याच एसक्यूएल सर्व्हरमध्ये हजेरीचा डेटाबेसही सापडला. तो चालू ठेवायचाय.

सर्व्हिसवाला

मग एसक्यूएल अनइन्स्टॉल करूच नका. ठरलेला काळ गेला की जुना डेटाबेस आधी ऑनलाइन आणा, मग ड्रॉप करा. ऑफलाइन असताना ड्रॉप केलात तर एमडीएफ आणि एलडीएफ (डेटा आणि लॉगच्या) फाइली डिस्कवर तशाच राहतात, पगाराच्या आकड्यांसकट. व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल आणि ओडीबीसी ड्रायव्हरही राहू द्या, हजेरीच्या सॉफ्टवेअरला लागत असतील. ‘ही शेअर्ड फाइल काढू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा.

अनइन्स्टॉलर सहसा विसरतो ते हाताने बघा: शेड्यूल्ड टास्क, फायरवॉलचे नियम, शेअर फोल्डर, एक्सेलमधले ॲड-इन, प्रोग्रामडेटातलं फोल्डर. डीएसएन (ओडीबीसी जोडणीच्या साठवलेल्या नोंदी) दोन्हीकडे तपासा, ३२-बिटची ओडीबीसी खिडकी सिसवाऊ६४ मधून उघडते आणि ६४-बिटची सिस्टम३२ मधून. हो, उलटंच आहे. सर्व्हिस अकाउंट आधी डिसेबल, महिन्याने डिलीट; पण तेच अकाउंट हजेरीची सर्व्हिस वापरत नाही ना, ते आधी बघा.

उरलेली सर्व्हिस एससी डिलीट या कमांडने काढताना १०७२ एरर (सर्व्हिसवर डिलीटची खूण आहे, पण ती अजून गेलेली नाही) आला तर सर्व्हिसेसची खिडकी कुठेतरी उघडी आहे, कदाचित दुसऱ्याच्या रिमोट सेशनमध्ये. ती बंद केली की सर्व्हिस जाते.