मदत हवी आहे : बंबाच्या टाकीतून जुना फोम पूर्ण कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या एका छोट्या विमानतळावर काम करतो. धावपट्टी एक, अग्निशमनाचे बंब दोन. या मंचावर रसायन आणि पाणी शुद्धीकरणातले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय.

बंबातला जुना एएफएफएफ फोम (इंधनाच्या आगीवर मारायचा, फ्लोरिनची रसायनं असलेला) काढून फ्लोरिनमुक्त फोम भरायचं ठरलंय. जानेवारी २०२३ मध्ये इथल्या संरक्षण खात्याने अशा फोमसाठी नवं मानक काढलं आणि त्यात बसणारा पहिला फोम त्याच वर्षी मान्य यादीत आला. ऑस्ट्रेलियातल्या नागरी विमानतळांनी तर २०१० मध्येच हा बदल केला. त्यामुळे नवा फोम आग विझवतो की नाही, हा माझा प्रश्न नाही. विझवतो, फक्त हात बदलावा लागतो. जुना फोम इंधनावर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरवायचा आणि तो तवंगासारखा आपोआप पुढे सरकायचा. नव्यात पापुद्रा नाही, सगळी भिस्त बुडबुड्यांच्या जाड थरावर. धार थेट इंधनात घुसवली की थर फाटतो, म्हणून फोम वरून पावसासारखा पडू द्यायचा. आमची माणसं ते शिकताहेत.

घोडं अडलंय ते धुण्यात.

पहिला बंब रिकामा करून टाकी, पंप आणि पाईप तीनदा पाण्याने धुतले. तिसऱ्या वेळचं पाणी दिसायला अगदी नितळ. बाटलीत अर्धं भरून जोरात हलवलं, तर रिठ्याचं पाणी घुसळल्यासारखा फेस वर आला. दहा मिनिटांनी पाहिलं, तरी बाटलीच्या कडेला तो तसाच. यावर नवा फोम ओतला तर त्याला फ्लोरिनमुक्त कुठल्या तोंडाने म्हणू?

माझा जीव यात अडकायला कारण आहे. पूर्वी दर वर्षी तपासणीला फोम प्रत्यक्ष मारून दाखवावा लागे. आम्ही तो एप्रनपलीकडच्या (विमानं उभी राहतात त्या फरशीपलीकडच्या) गवतावर मारायचो आणि नंतर फेस पाण्याने उतारावर ढकलून द्यायचो. त्यात मीही असायचो. उताराच्या खाली चार घरं आहेत, चारही बोअरच्या पाण्यावर. २०२४ मध्ये इथे पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या, जुन्या फोममधून येणाऱ्या आणि तब्येतीला घातक अशा फ्लोरिनच्या रसायनांची मर्यादा प्रत्येकी लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आम्ही तर पिंपंच्या पिंपं ओतली.

तर विचारायचं हे :

स्टीलचे पाईप आणि प्लास्टिकची टाकी धुऊन खरंच स्वच्छ होतात, की टाकीच बदलावी? किती धुतलं म्हणजे पुरे, हे कशावरून ठरवायचं? आणि धुतलेलं पाणी सध्या बंद टाक्यांमध्ये साठवलंय, त्याचं काय करायचं? एकाने गटारात सोडा म्हणून सुचवलं. ते मी करणार नाही.

प्रतिसाद

दादा, पाणी साठवून ठेवलंत हे फार बरं केलंत. सांडपाण्याच्या प्रकल्पातून ही रसायनं जशीच्या तशी पुढे नदीत जातात.

मी रासायनिक कारखान्यांतल्या टाक्या धुण्याचं काम बरीच वर्षं केलंय. या फोमचे रेणू धातूच्या भिंतीवर थरावर थर रचून बसतात. साध्या पाण्याने वरचे थर जातात, खालचे नंतर हळूहळू सुटतात. म्हणून धुतल्याबरोबर घेतलेल्या नमुन्यावर विसंबू नका. स्वच्छ पाणी भरून काही आठवडे तसंच ठेवा आणि मग नमुना घ्या. धुताना गरम पाणी आणि त्यासाठीचं खास द्रावण वापरा. पाईपचे बंद फाटे, निचऱ्याचे व्हॉल्व्ह, फोमपंप हे सुटे करून धुवा, माल तिथेच दडतो. प्लास्टिकची टाकी जुनी असेल तर माझ्या मते बदलाच.

प्रयोगशाळेत अशा रसायनांच्या नेहमीच्या यादीबरोबर 'टॉप अ‍ॅसे' चाचणीही मागा, म्हणजे लपलेले घटक मोडून मोजणारी चाचणी. नंतरच्या काळातल्या फोममधले बरेच घटक त्या यादीत नसतातच, पुढे मोडून मात्र त्याच जातीची आम्लं तयार होतात. साठवलेल्या पाण्यातून ही रसायनं शोषून घ्यायला सक्रिय कोळसा किंवा आयन बदलणारं रेझिन चालतं, पण वापरलेला कोळसाही घातक कचराच समजा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पंप सुटा केलाच नव्हता, उद्या उघडतो. टाकी बदलायची तर खर्च मोठा आहे. २०२४ च्या कायद्यात विमानतळांच्या या बदलासाठी ३५ कोटी डॉलरची तरतूद आहे, त्यात टाकी बसते का ते विचारतो. आणखी एक : त्या चार घरांच्या बोअरचं पाणी विमानतळाच्या खर्चाने तपासा, असा अर्ज मी वरिष्ठांना लिहितोय. तो कसा मांडावा, आधी कुणी असं काही केलंय का?