एन्जॉय रेकॉर्ड्स: १९६२ चा सॅक्सोफोन आणि १९७९ चं रॅप, मालक एकच का?

तिरकिट_धा:
नमस्कार मंडळी. सध्या ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हची 'सुपरॅपिन' ऐकतोय. साल १९७९, लेबल एन्जॉय. काल किंग कर्टिसच्या 'सोल ट्विस्ट'वरही एन्जॉयच दिसलं, पण साल १९६२! एकाच नावाच्या दोन कंपन्या आहेत का? आणि एकच असेल, तर सोल संगीताच्या जमान्यातला माणूस रॅपपर्यंत आला कसा?

गल्ल्याजवळची:
कंपनी एकच आणि मालकही एकच, बॉबी रॉबिन्सन. माझ्या फार जिव्हाळ्याचा माणूस आहे हा, म्हणून सविस्तर लिहिते.

तो आधी दुकानदार होता, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. माझ्या मामाचं सांगलीत कॅसेटचं दुकान होतं. सुट्टीत मी गल्ल्याजवळ बसायचे. गिऱ्हाईक यायचं, गाण्याचं नाव ठाऊक नसायचं, एक ओळ गुणगुणून "ते द्या" म्हणायचं. मामा न बघता हात मागे नेऊन कॅसेट काढायचा. लोकांच्या तोंडी काय बसलंय ते दुकानात आधी कळतं, कंपनीला मागाहून.

बॉबीचा जन्म १९१७ चा, साउथ कॅरोलायनातल्या युनियन गावचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, हवाईला. परत आल्यावर १९४६ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, १२५ व्या रस्त्यावर, अपोलो थिएटरच्या जवळ रेकॉर्डचं दुकान थाटलं. वस्ती काळ्यांची असली तरी त्या रस्त्यावरची दुकानं बहुतेक गोऱ्यांची होती. तिथल्या ब्लमस्टाइन्स या मोठ्या दुकानाने काळ्या विक्रेत्यांना नोकरी द्यायचं कबूल केलं ते १९३४ मध्ये, तेही लोकांनी बहिष्कार टाकल्यावर. त्याच रस्त्यावर बारा वर्षांनी एका काळ्या माणसाने स्वतःच्या मालकीचं दुकान उघडलं. असा तो पहिलाच, असं म्हणतात.

अपोलोत गाणारे कलाकार सहज दुकानात डोकवायचे. अटलांटिकसारख्या कंपन्यांची मंडळी काय चालेल ते त्याला विचारायला यायची. मग १९५१ पासून त्याने स्वतःच रेकॉर्ड काढायला घेतल्या. आधी रेड रॉबिन, पुढे फ्युरी, फायर, एन्जॉय. १९५९ मध्ये फ्युरीवर विल्बर्ट हॅरिसनचं 'कॅन्सस सिटी' निघालं आणि थेट देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. पण सॅव्हॉय कंपनी उभी राहिली, म्हणाली हॅरिसन आमच्या करारात आहे. कोर्टकचेरीत महिने गेले, पाठोपाठ दुसरी रेकॉर्ड काढायची संधी हुकली. छोट्या कंपनीला असा फटका फार महागात पडतो.

त्याच वर्षी शिकागोत त्याने ब्लूज गाणाऱ्या एल्मोर जेम्सला गाठलं. पाऊस धो धो कोसळत होता आणि त्यावरूनच 'द स्काय इज क्राइंग' सुचलं, असं बॉबी सांगायचा. त्यातली स्लाइड गिटार ऐका. गाणं सुरू व्हायच्या आधीच तिने सगळं सांगून टाकलेलं असतं.

आता रॅप. १९७९ मध्ये बॉबी ६२ वर्षांचा होता. हार्लेम-ब्राँक्सची पोरं बागेत, हॉलमध्ये माइक घेऊन काय करतात हे त्याला परकं नव्हतं. घरात वाढलेला पुतण्या, स्पूनी जी, स्वतःच रॅप करायचा. त्याची पहिली रेकॉर्ड मात्र दुसऱ्याच कंपनीने काढली! काकांकडे तो नंतर आला. बॉबीने फ्युरियस फाइव्ह आणि फंकी फोर प्लस वन, दोघांचीही रेकॉर्ड त्याच वर्षी आणली. यातली 'प्लस वन' म्हणजे शा-रॉक, रॅपमधल्या अगदी सुरुवातीच्या मुलींपैकी. सॅम्पलिंगची, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजवायची, यंत्रं तेव्हा हाताशी नव्हती. डीजे दोन टर्नटेबलांवर जो ठेका फिरवत ठेवायचे, तो एन्जॉयच्या स्टुडिओत पम्पकिन नावाचा ड्रमर बँडसोबत प्रत्यक्ष वाजवायचा. फंकी फोरची रेकॉर्ड पंधरा मिनिटांच्या वर चालते. एवढा वेळ लय जराही ढळू न देता वाजवणं म्हणजे काय, ते तबलजींना विचारा.

उत्तररात्र:
माहिती उत्तम, पण दुसरी बाजूही यायला हवी. बॉबीच्याच फ्युरीवर निघालेल्या ली डॉर्सीच्या 'या या'च्या गीतकारांत मॉर्गन रॉबिन्सन हे नाव आहे. तो हाच बॉबी ना? निर्मात्यांनी गीतकारांत स्वतःचं नाव घालून गाण्याच्या कमाईत वाटा घ्यायचा, ही त्या काळची वाईट खोड. शिवाय फ्लॅशची मंडळी वर्षभरात शुगर हिल या दुसऱ्या रॅप कंपनीकडे गेली, ती उगाच?

गल्ल्याजवळची:
हो, तोच. पूर्ण नाव मॉर्गन क्लाइड रॉबिन्सन. वाट्याबद्दलचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे. त्यात कलाकारांचं नुकसान झालं, आणि बॉबी आवडतो म्हणून मी ते झाकणार नाही. शुगर हिलचं म्हणाल तर त्यांचं वितरण मोठं होतं, एका दुकानातून चालणाऱ्या कंपनीला ते झेपणारं नव्हतं. आणि एक घोळ नेहमी होतो: शुगर हिलच्या सिल्व्हिया रॉबिन्सन आणि बॉबी यांचं फक्त आडनाव सारखं आहे, नातं काही नाही.

तिरकिट_धा:
ताई, खूप आभार! दुकान अजून आहे का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

गल्ल्याजवळची:
नाही. 'बॉबीज हॅपी हाउस' या नावाने ते २००८ च्या जानेवारीपर्यंत चाललं. इमारत पाडून नवं बांधकाम करायचं ठरलं, भाडेकरूंना बाहेर काढलं. तेव्हा बॉबी नव्वदीत होता. २०११ मध्ये तो गेला.

आधी एल्मोर जेम्स ऐका, मग बस्टर ब्राउनचं 'फॅनी मे', त्यातल्या माउथ ऑर्गनसाठी. त्यानंतर ग्लॅडिस नाइटचं 'लेटर फुल ऑफ टिअर्स'. रॅपमध्ये ट्रेचरस थ्रीचं 'द न्यू रॅप लँग्वेज' चुकवू नका. कूल मो डी त्यात इतक्या झपाट्याने बोलतो की पहिल्यांदा शब्द हाती लागणार नाहीत. हेडफोन लावून दुसऱ्यांदा ऐका.